हासिब पळाला नव्हता

११ मार्च, बुधवार

डोकं फुटायची वेळ आली आहे म्हणून लिहितो. बोलून काही होत नाही. या घरात दोन बायका आहेत आणि मी तोंड उघडलं की दोघी म्हणतात, आधी जेव.

दुपारी अंडी उतरवून आलो तर आमच्या वस्तीत, चिंचफळीत, पोलिसांची गाडी. आमच्या चर्चच्या दारात. आमच्या म्हणजे बुधीबाईच्या. मी शहाद्याकडचा, तापीकाठचा. आमच्या घरी पपई आणि सत्यनारायण. इथे मी भाडेकरू. हेमकांतशेठच्या पोल्ट्रीची अंडी पिकअपमध्ये भरून नवापूरहून गुजरातेत पोचवायची आणि रात्री बुधीबाईच्या पडवीतल्या खोलीत पडायचं. पावसाळ्यापर्यंत बघू. याच्या आधी तोरणमाळला हॉटेलात होतो, त्याच्या आधी सुरतेत साड्यांचे गठ्ठे, त्याच्या आधी आयटीआय अर्धं. बाप म्हणतो, तुले बूडच नही. असू दे. मी कुठे निघालो.

पोलीस. तर चर्चमध्ये हासिब फरशी बसवत होता. हासिबुल शेख, बंगालमधल्या मुर्शिदाबादचा. त्याचे रोजे चालू आहेत, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, तरी गुडघ्यावर बसून सुतात एकेक फरशी ठोकतो. साहेब बुटासकट त्या ओल्या फरशीवर उभे.

"साहब, पैर उठाइए. अभी जमा नहीं है."

"आधी तू ऊठ. कुठला तू?"

बाहेरच्या लोकांची तपासणी आहे म्हणे, वरून आदेश आहे. हासिबने आधार दाखवलं. साहेब म्हणाले, "असलं आधार तिकडे पानटपरीवर मिळतं." मग बुधीबाई मध्ये पडली. ती कुणालाही तूच म्हणते, साहेबालासुद्धा.

"हा आमचा फरशीवाला आहे. ईस्टरच्या आत फरशी झाली पाहिजे. तू नेशील तर मग बसवायला तू ये."

"मावशी, परदेशी माणूस घरात ठेवला तर ठेवणाऱ्यालाही आत टाकतात. कायदा नवा आहे. जपून बोला."

शेवटी ठरलं असं: मुर्शिदाबादच्या पोलिसांकडून उत्तर येईपर्यंत हासिबने गाव सोडायचं नाही, आणि रोज संध्याकाळी हायवेवरच्या चौकीत तोंड दाखवायचं. रोज संध्याकाळी! म्हणजे बरोबर रोजा सोडायच्या वेळी. हा योगायोग नाही. हा माज आहे. मी साहेबाच्या तोंडावर म्हणणार होतो, पण योगिताने माझी बाही ओढली. योगिता बुधीबाईची मुलगी, नवापूरला नर्सिंग शिकते.

"पवनदादा, तू गप बस," म्हणाली.

दादा म्हणायची काय गरज आहे.

१४ मार्च, शनिवार

चौकीतल्या रायसिंग हवालदाराने हासिबला रोजा सोडायला पाणी आणि खजूर दिला, असं हासिब सांगतो. दिलं असेल. मांजर पण उंदराशी आधी खेळतंच.

हजेरी झाल्यावर हासिबला गाडीवर बसवून नवापूर स्टेशनला नेलं. म्हटलं, चल, तुला गंमत दाखवतो. प्लॅटफॉर्मवर ते बाकडं आहे ना, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. त्याला बसवला मधोमध. एक ढुंगण इकडे, एक तिकडे. फोटो काढला.

त्याला म्हटलं, बघ, इथली पोरं चड्डीत असल्यापासून एकच गोष्ट शिकतात. रेघ ओलांडली की भानगड संपली. गुजरातेत दारूबंदी, तर तिकडचे इकडे येऊन पितात आणि उतरल्यावर घरी जातात. इकडे गुटखा बंद, तर आपण तिकडे जाऊन तोंड भरून येतो. बिनकागदाची मोटारसायकल पोलिसाने अडवली तर वळवायची आणि रेघेपलीकडे जाऊन त्याला हात करायचा. हा रायसिंगच एकदा माझ्या मागे लागला होता. हद्दीच्या पाटीपर्यंत आला आणि उभा राहिला, शेपटी ओढल्यासारखा. शिव्या देत होता तिथून. मी तिकडे बसून चहा प्यायलो.

हासिब खूप हसला. मग म्हणाला, "हमारे उधर भी लाइन है, पवनभाई. तार का. हमारा खेत तार के पीछे है. गेट सुबह खुलता है, शाम को बंद. एक दिन गेट बंद होने के बाद हमारा चाचा गाय लाने गया."

"फिर?"

"फिर गाय वापस आया."

मी म्हटलं, गाय हुशार निघाली. तो हसला नाही. उठून उभा राहिला आणि म्हणाला चलो, मासी राह देखेगी. मासी म्हणजे बुधीबाई. या बंगाली लोकांना विनोद कळत नाही बहुतेक.

१७ मार्च, मंगळवार

आज त्याच्या बोटांचे ठसे घेतले. उठलेच नाहीत. इतकी वर्षं सिमेंटमध्ये हात, बोटं गुळगुळीत झाली आहेत, मशीन काय वाचणार? साहेब म्हणतात, ठसे घासून आलाय. घासून! पहाटेपासून तुमच्याच तालुक्याची जमीन घासतोय तो!

रायसिंग म्हणाला, "मग डोळ्यांचं मशीन बघावं लागेल, ते आपल्याकडे नाही." मी तोपर्यंत बाहेर पडलो होतो. ऐकायची इच्छा नव्हती.

पोल्ट्रीवर पण तोच विषय. कोणीतरी म्हणालं, अरे तो बांगलादेशीच आहे, भाषेवरून कळतं. म्हटलं, तुला बंगाली येते का? नाही म्हणाला. मग कसं कळलं रे? बुधीबाई घरात मावची बोलते, ती तरी तुला कळते का? कॉलर धरली त्याची. हेमकांतशेठ आले. आमच्याकडचेच आहेत, चिडले की अहिराणी.

"पवन्या, तुन्हा तो कोन लागस रे? गाडी मन्ही शे. तिनामां अंडा जातीन. मानसेस्ना भानगडी नही."

परत येताना विसरवाडीच्या अलीकडे मोहाखाली बाया फुलं वेचत होत्या, थांबलो. तासभर तिथेच गेला. तोरणमाळला तंबू टाकून पर्यटक ठेवायचे आणि मोहाचे लाडू विकायचे, असा विचार डोक्यात आला. चांगला आहे. लिहून ठेवतो: तंबू, लाडू, जनरेटर. दुसरीकडची अंडी पोचवायला उशीर झाला, शेठ परत ओरडले.

१९ मार्च, गुरुवार

चहाच्या टपरीवर कळलं. उद्या गाडी येणार आहे. हासिबला नंदुरबारला नेणार. टपरीवाला म्हणाला, "नेला की नेलाच समज. सुरतेत असेच भरून नेले, मग विमानात, मग सीमेवर, रात्री ढकलून दिले पलीकडे."

चहा तसाच टाकून निघालो, इतका राग आला. परवा ईद. त्याची बायको फोनवर विचारते, जेवण कुठे करणार. बुधीबाईने त्याच्यासाठी कोंबडा धरून ठेवलाय. आणि हे लोक बरोबर ईदच्या तोंडावर गाडी आणतात.

बुधीबाईला सांगितलं तर म्हणते, "रायसिंग बोलला मला. जाऊ दे, काय विचारतील ते विचारतील." इतकी भोळी बाई मी पाहिली नाही. पोलिसांवर विश्वास! योगिताला सांगितलं तर म्हणाली, "तू यात पडू नकोस, पवनदादा, तुझं काम वाढवून ठेवण्याचं असतं."

बघतो आता कोणाचं काय असतं ते.

२० मार्च, शुक्रवार

झालं. हासिब पलीकडे आहे!

सकाळी अंड्यांचे ट्रे भरताना मागे जागा ठेवली. हासिबला म्हटलं चल. तो आला. ट्रेच्या मधे बसवला, वर ताडपत्री. ऊन असं की पत्र्यावर भाकरी भाजेल, आणि तो बिचारा रोजात. हद्दीची पाटी मागे गेली तेव्हा मी मोठ्याने शीळ घातली. कोणी अडवलं नाही, अंड्यांच्या गाडीला कोण अडवतो. तिकडच्या बाजारात ज्याला मी अंडी देतो त्याच्या गोडाऊनच्या मागे एक खोली आहे, तिथे ठेवला. म्हटलं, दोन-चार दिवस इथेच रहा, बाहेर निघू नकोस, तोपर्यंत तुझ्या गावचं उत्तर येईल.

तो काहीतरी विचारत होता, पण मला पुढे दोन दुकानं करायची होती.

साहेबाची गाडी चिंचफळीत आली असेल. रिकामी गेली असेल. त्यांचं तोंड बघायला मी हवा होतो!

२१ मार्च, शनिवार

पकडला.

२१ मार्च, रात्री परत

लिहिता येत नाही पण लिहितो.

आज ईद. हासिब सकाळी गोडाऊनमधून बाहेर आला आणि नमाज कुठे होते ते एका दुकानात विचारलं. तिकडे तपासणी इकडच्यापेक्षा कडक चालू आहे, गावागावात माणसं लावली आहेत. नवा चेहरा, बंगाली हिंदी. मशिदीच्या दारापर्यंत पण पोचला नाही.

इकडे काल गाडी आली तेव्हा तो जागेवर नव्हता, संध्याकाळी हजेरीलाही आला नाही, म्हणून साहेबाने त्याला फरार लिहिला. आणि आज सकाळपासून बुधीबाई चौकीत. दिवसभर बाकावर बसवली तिला. पळून जायला मदत केली का, कुठे लपवला होता, कोण कोण आलं होतं. संध्याकाळी सोडली. रायसिंग तिला घरी पोचवायला आला, तेव्हा मी ओट्यावर होतो.

"सरकारी कामातल्या साध्या अडथळ्याला महिन्यांची शिक्षा असते, मावशी," तो म्हणत होता. "पण तपासणीतला माणूस पळवायचा, लपवायचा, ते वर्षांवर जातं. पाच-पाच वर्षांची भाषा करतात साहेब. काही माहीत असेल तर बोल."

"मला काय माहीत? मी कोंबडा कापायला घेतला होता."

मग बुधीबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "नंदुरबारला डोळ्यांचं मशीन होतं रे. बोटं उठली नाहीत म्हणून डोळे घेणार होते. संध्याकाळी परत आणून सोडणार होते. रायसिंग स्वतः बरोबर जाणार होता. आणि त्याला कुठून बुद्धी झाली पळायची?"

रायसिंग माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "तिकडच्यांनी फोनवर सांगितलं. अंगाला अंड्यांचा वास येतो म्हणाले. कुणी आणलं, तर नाव सांगत नाही. तोंड शिवून बसलाय."

मी उठून आत आलो.

डोळ्यांचं मशीन आहे तर आधी नीट सांगायचं ना! माणसाला कळेल असं बोलायला यांना काय होतं? टपरीवाल्याचा गळा दाबावासा वाटतो.

२४ मार्च, मंगळवार

आज योगिताने मला विहिरीजवळ गाठलं. हासिबच्या मोठ्या भावाशी तिचं फोनवर बोलणं झालंय. तो गावच्या पंचायतीकडून, शाळेकडून सगळे कागद घेतोय आणि घेऊन निघणार आहे. पण साहेब म्हणतात आता कागदांचा काय उपयोग, पळाला म्हणजे लपवण्यासारखं काही असणारच. परदेशी समजूनच पुढे पाठवायचा. तिकडच्या पोलिसांचंही तेच.

मग म्हणाली, "मला एकच कळत नाही. मी त्याला त्या सकाळी चर्चमध्ये पाहिलं. सांध्यांत सफेद सिमेंट भरत होता. म्हणाला, दीदी, शाम तक किसी को चलने मत देना, मैं नंदुरबार से आके देखूंगा. त्याला माहीत होतं नंदुरबारला का न्यायचंय. मग तो तयार कसा झाला?"

मी म्हटलं मला काय माहीत, आणि बादली घेऊन निघालो. बादली भरलीच नव्हती.

तो तयार झाला नव्हता. मी त्याला म्हटलं होतं चल, आणि तो म्हणाला होता, "नहीं, हम भागेगा नहीं. भागेगा तो चोर बन जाएगा." दोनदा म्हणाला. नंदुरबारला डोळ्यांच्या मशीनवर नेणार हेही सांगितलं, मला ती पोलिसांची थाप वाटली. माझं डोकं सणकलं. मी याच्यासाठी नोकरी धोक्यात घालतो आणि हा फरशी पुसतोय. म्हणून मी सांगितलं की रायसिंग साहेबाने तुला तिकडे बोलावलंय. गुजरातच्या चौकीत मशीन आलंय, तिकडेच डोळे घेणार, मला घेऊन यायला सांगितलंय. तेव्हा तो उठला. हात धुतले, शर्ट बदलला. ताडपत्री कशाला म्हणाला, तर म्हटलं ऊन लागेल.

गोडाऊनमध्ये तो विचारत होता ते हेच. साहब कब आएगा.

त्याला वाचवायलाच केलं. यात माझं वाईट काय होतं? काय वाईट होतं?

२६ मार्च, गुरुवार

बापाचा फोन. हेमकांतशेठनी त्यांना काहीतरी कळवलंय. माझे वडील रतिलाल, गावात त्यांना सगळे वचकतात, मी सोडून.

"पवन, तू तठे काय करी ऱ्हायना? आठे पपईना तोडा चालू शे, मानसे भेटतस नही. घर ये. लोकेस्ना पोलिसेस्ना भानगडीमां पडू नको."

"बाबा, मी काही केलं नाही."

"मंग ये ना."

खरं आहे. जायला काय हरकत आहे. हासिब नाव घेत नाही. रायसिंगला वास आला तरी वास कुठे लिहिता येत नाही. गाडी शेठला परत करायची, शहाद्याची बस धरायची, पपई तोडायची. पावसाळ्यात तोरणमाळ.

बॅग भरली. मग बुधीबाई हाका मारायला लागली, जेव म्हणून. तिला परवा पुन्हा बोलावलंय चौकीत.

बॅग परत रिकामी केली. सगळा राग त्या बॅगेवर निघाला, चेन तुटली.

२८ मार्च, शनिवार

सकाळी चौकीत गेलो. बुधीबाईच्या आधी. साहेब पेपर वाचत होते.

म्हटलं, साहेब, हासिबुलला मी नेला. खोटं बोलून नेला. तो पळाला नव्हता. लिहून घ्या.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कोण?"

"अंड्यांची गाडी चालवतो."

"सापडला कुठे तो?"

"तिकडे."

"मग तिकडे जा. ते प्रकरण आता त्यांच्याकडे आहे. मी इकडे लिहून त्यांच्या कामात हात घालू? आणि त्या बाईने पाठवलं असेल तुला, तर तिला सांग, हे नाटक महागात पडेल."

"बाईचा संबंध नाही! लिहा ना, मी सांगतोय ना!"

"आवाज खाली."

गाडी काढली आणि रेघेपलीकडच्या ठाण्यात गेलो. तिकडे एक जमादार, दातात काडी. सगळं सांगितलं, हिंदीत, हात जोडून. त्याने ऐकलं, शांतपणे.

"अहींथी तो भाग्यो नथी ने, भाई. भाग्यो त्यांथी. त्यां जईने लखाव." म्हणजे पळाला तिकडून, तिकडेच जाऊन लिहून दे.

"त्यांनीच इकडे पाठवलं!"

"तो पाछो जा."

बाहेर येऊन गाडीच्या टायरला लाथा घातल्या. आयुष्यभर ही रेघ ओलांडून हसत आलो. आज मला धरा म्हणतोय, तर मला कोणी धरत नाही! दोघांच्या मधे मी चेंडू. अरे मी गुन्हा केलाय, घ्या ना मला आत!

हासिबला भेटू दिलं नाही.

२९ मार्च, रविवार

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. चर्चमध्ये सगळे अर्ध्या मातीच्या जमिनीवर दाटीवाटीने बसले होते. फरशीचा भाग मोकळा. कुणी तसं सांगितलं नव्हतं. एक पोर धावत तिकडे गेलं तर त्याच्या आजीने हात धरून मागे ओढलं.

मी दारात उभा होतो. पास्टरने हासिबसाठी प्रार्थना केली, मग त्याला पळायला लावणाऱ्या सैतानासाठीही. डोळे मिटून बुधीबाई आमेन म्हणाली. मी निघून आलो.

३१ मार्च, मंगळवार

रायसिंग आज अंडी घ्यायला पोल्ट्रीवर आला. कधी येत नाही. बाजूला येऊन उभा राहिला, ट्रे बघतोय असं दाखवत.

"ए अंडेवाल्या. उद्या सकाळी आमची गाडी तिकडे जाते. त्याला ताब्यात घेऊन सरळ नंदुरबार, तिथून पूर्वेकडच्या रेल्वेत. चार-पाच जण आहेत असेच. एकदा डब्यात बसवला की मग उत्तर येवो न येवो, कोण परत आणणार आहे?"

"त्याचा भाऊ निघालाय. कागद घेऊन. परवा पोचेल."

"परवा म्हणजे परवा. गाडी उद्या आहे."

"तुम्ही काहीतरी करा ना, साहेब."

"मी हवालदार आहे. मी गाडीत मागे बसतो." दोन ट्रे उचलले. मग म्हणाला, "ज्या माणसाचा जबाब आमच्या हद्दीतल्या गुन्ह्यात लागतो, त्याला कोर्टाला विचारल्याशिवाय हलवता येत नाही. पण आमच्या हद्दीत गुन्हाच नाही ना."

पैसे देऊन गेला. मी म्हटलं नव्हतं का, हे लोक नीट बोलतच नाहीत. अर्धा तास लागला मला कळायला.

१ एप्रिल, बुधवार

आधी काय झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर भरकटेन.

पाटीपासून नवापूरकडे बरंच आत आलो, म्हणजे इकडच्या जमिनीबद्दल कुणाला शंकाच नको. पुलाच्या पुढे रस्ता निमुळता आहे. गाडी आडवी लावली. चावी खिशात. मागे भरलेले ट्रे होते, शेठ मला ठार मारणार. ट्रक थांबले, हॉर्न, शिव्या. एक ट्रकवाला उतरून मारायला आला, म्हटलं मार, पण हलणार नाही.

पोलिसांची गाडी आली. साहेब पुढे, मागे रायसिंग आणि जाळीच्या आत हासिब. दाढी वाढलेली.

"बाजूला घे!"

"नाही घेत. आधी माझं लिहून घ्या."

"तू? तूच तो ना परवाचा? शासकीय कामात अडथळा आणतोस, कळतं का तुला?"

"हेच तर म्हणतो! आणतोय! लिहा!"

साहेबांनी मला कॉलरला धरून ओढलं, मी पिकअपच्या आरशाला धरून राहिलो, आरसा हातात आला. दोन ट्रे खाली पडले. लोक व्हिडिओ काढत होते. कोणीतरी म्हणालं, पिऊन आलाय. हासिब आतून ओरडला, "पागल हो गया क्या? हट जा, पवनभाई!"

झालं, नाव घेतलं. साहेबांनी मान वळवली. "ओळखतोस याला?"

हासिबने नजर फिरवली. मग म्हणाला, "अंडा देता है. बस."

आम्हाला दोघांना चौकीत आणलं. अडथळ्याचा गुन्हा लिहायला घेतला. रायसिंग लिहीत होता. मी म्हटलं, का अडवली तेही लिहा, वीस तारखेला मी याला खोटं सांगून नेला. साहेबांनी हासिबला विचारलं, हे खरं का.

"नहीं साहब. हम अपने से गया."

मला वाचवायला! मूर्ख माणूस! त्याला उद्या सीमेवरच्या कुठल्या नदीकाठी उभा करतील आणि तो मला वाचवतोय. माझं डोकंच फिरलं. मी उठून त्याच्यावर धावलो. म्हटलं, खोटं बोलतोस! पळाला होतास ना? मग चोरच आहेस तू! बांगलादेशीच आहेस! घाबरून पळाला, ईदच्या आधी, मासीला अडकवून!

त्याने मला कानफटात मारली. अशी की तोंड भिंतीकडे फिरलं.

"हम भागा? हम भागा? तू बोला ना रायसिंग साहब उधर बुलाया है! तू बोला मशीन उधर आया है! हम हाथ धो के, नया शर्ट पहन के आया, आँख दिखाने! उस कमरे में हम रात भर बैठा, साहब आएगा, साहब आएगा! ईद का नमाज छूटा मेरा! और तू हमको चोर बोलता है?"

मग एकदम थांबला. रडत होता. आपण काय बोललो ते त्याला कळलं आणि तो माझ्याकडे बघायला लागला.

रायसिंगचा पेन थांबला होता. तो साहेबांना म्हणाला, "साहेब, माझं नाव वापरून नेलंय. हे लिहावं लागेल."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग हासिबला म्हणाले, "परत बोल. हळू बोल."

परत बोलला. हळू. रायसिंगने सगळं लिहिलं.

नंदुरबारला फोन गेला की एक माणूस कमी येईल.

२ एप्रिल, गुरुवार

मला काल संध्याकाळी नोटीस देऊन सोडलं. बोलावलं की यायचं, जिल्हा सोडायचा नाही. जिल्हा सोडायचा नाही, मला! कलमं वाचून दाखवली. अडथळा आहे, पळवणं आहे, हवालदाराच्या नावाने खोटं सांगणं आहे. किती वर्षं होतील विचारलं तर रायसिंग म्हणाला, "ते कोर्ट सांगेल. कमी होणार नाहीत." शेठने गाडी काढून घेतली. बापाने फोन उचलला नाही.

हासिब चौकीत आहे, कोर्टाची तारीख होईपर्यंत. त्याचा भाऊ आज रात्रीच्या गाडीने येतो. पुढे काय होईल ते साहेबालाही माहीत नाही. कागद मान्य करतील, न करतील. पण इथे आहे तो.

योगिताने आज मला दादा म्हटलं नाही. म्हणाली, "पवन, तू घाण आहेस." आणि दार लावून घेतलं.

बुधीबाईने सगळं ऐकून घेतलं. माझी बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली. मी उचलायला वाकलो तर माझ्या हातात डबा दिला. गरम होता.

"त्याला नेऊन दे. तुला नाही, त्याला. रिकामा झाल्याशिवाय आणायचा नाही."

चालत गेलो, गाडी नव्हती. तांदळाची भाकरी, डाळ, लसणाची चटणी. त्याने डबा घेतला. माझ्याकडे पाठ करून खायला बसला. हळू खातो तो. मी बाहेर पायरीवर बसलो. डबा रिकामा व्हायचा होता.